पाटी, पावती आणि प्रोसेसर

‘संगणक’ हा शब्द कानी पडला की आपल्या कला शाखेची मंडळी दोन पावले मागे सरतात. ‘ते सायन्सवाल्यांचे काम’ असे म्हणून आपण मोकळे होतो. मीही त्यांतलाच. इतिहास हा माझा विषय आणि गणिताशी माझे वैर शाळेपासूनचे. तेव्हा मी उठून प्रोसेसर आणि मॅथ कोप्रोसेसर यांविषयी लिहू लागलो, तर ‘हा कोण टिकोजीराव’ असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. पण यंदा ग्रंथालयामागच्या खोलीत जे घडले ते पाहिल्यावर मला असे वाटू लागले आहे की, हा प्रश्न विज्ञानाचा जितका आहे तितकाच, किंबहुना काकणभर अधिक, आपला आहे.

त्या खोलीत तीन जुने संगणक धूळ खात पडले होते. निर्लेखन करून ते भंगारात काढावयाचे ठरले आणि डेड स्टॉक रजिस्टरशी ताळा घालण्यासाठी दोघा-तिघा विद्यार्थ्यांना बोलावले. रजिस्टरात १९९४ सालची एक नोंद होती: ‘संगणक ४८६, मॅथ कोप्रोसेसरसह, नग १’. सोबतच्या पावतीवर कोप्रोसेसरची रक्कम वेगळी दाखवलेली. (पावतीवर गावाचे नाव अर्थातच उस्मानाबाद, जिल्हा अधिकृतपणे धाराशिव झाला तो २०२३ साली.) यंत्राच्या तोंडावर ‘४८६’ अशी चकचकीत पाटी होती. नोंद, पावती आणि पाटी या तिन्ही एकमेकींशी जुळत होत्या. भाऊसाहेबांनी पेन काढून बरोबरची खूण केलीसुद्धा. मी सहज म्हणालो, ‘उघडून बघू या का?’ शिपाईमामा हसले. म्हणाले, ‘पोरा, भंगारवाला किलोवर घेतो, नावावर न्हाई.’

तरी उघडले. आत कोप्रोसेसर नव्हता. मदरबोर्डावर त्याच्यासाठी ठेवलेले चौकोनी घर रिकामे होते, आणि शेजारच्या चिपेवर ४८६ च्या पुढे बारीक अक्षरांत ‘एसएक्स’ छापलेले होते.

या दोन अक्षरांचा अर्थ कळण्यासाठी थोडी पार्श्वभूमी हवी. प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू होय, हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे; पण पूर्वीचा हा मेंदू पूर्णांकांतच तरबेज असे. अपूर्णांक, वर्गमूळ, त्रिकोणमिती असले काही आले की तो त्याचे तुकडे पाडून शेकडो छोट्या पायऱ्यांनी उत्तर काढी. हे काम एका दमात करणारी वेगळी चिप म्हणजे मॅथ कोप्रोसेसर. इंटेलने ८०८६ हा प्रोसेसर १९७८ साली काढला आणि त्याचा हा गणिती जोडीदार, ८०८७, १९८० साली. १९८१ च्या ऑगस्टात आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्यात ८०८८ होता आणि शेजारी ८०८७ साठी एक रिकामे घर. ज्याला गरज, त्याने जोडीदार विकत आणून बसवावा. पुढे २८६ ला २८७ आणि ३८६ ला ३८७ अशा जोड्या लागत गेल्या. १९८९ साली ४८६ आला तेव्हा इंटेलने जोडीदाराला घरातच घेतले. एकाच चिपेत दोघे नांदू लागले.

येथवर सरळ आहे. गुंता झाला तो १९९१ साली. स्वस्त ४८६ हवा म्हणून इंटेलने ‘४८६ एसएक्स’ काढला. त्याच्या सुरुवातीच्या चिपांमध्ये गणिताचा भाग होता, पण तो निकामी करून ठेवलेला; पुढे तो भागच वगळला. आणि ज्याला गणित हवे त्याच्यासाठी ‘४८७ एसएक्स’ नावाचा ‘कोप्रोसेसर’ वेगळा विकावयास ठेवला. गंमत अशी की हा ४८७ म्हणजे जोडीदार नव्हेच. तो एक जादा पिन असलेला सगळाच्या सगळा ४८६ होता! तो घरात बसवला की शेजारचा मूळ प्रोसेसर झोपी जाई आणि नवा पाहुणा एकटाच घर चालवी. म्हणजे पाटी कोप्रोसेसरची आणि माल प्रोसेसरचा. कंपनीच्या नामकरणातच असा घोळ असल्यावर खरेदी समितीतल्या प्राध्यापकांनी काय ओळखावे?

आमच्या यंत्रात तर तो ४८७ ही नव्हता. ‘४८६ म्हणजे कोप्रोसेसर आतच असतो’ या खऱ्या वाक्याचा आधार घेऊन कोणा विक्रेत्याने एसएक्स देऊन पूर्ण ४८६ चे पैसे घेतले असावेत, किंवा ४८७ बसवावयाचा राहून गेला असेल. तीस वर्षांनंतर त्याचा न्यायनिवाडा करण्यात अर्थ नाही. मला नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे: इतकी वर्षे हे कोणाच्याही लक्षात कसे आले नाही?

त्याचे उत्तर यंत्राच्या स्वभावात आहे. कोप्रोसेसर नसला म्हणून संगणक अडत नाही आणि उत्तरही चुकवत नाही. अपूर्णांकांचे गणित तो मुकाट्याने लांबच्या वाटेने करतो. कोणा प्राध्यापकांनी पावसाच्या आकडेवारीवरून सहसंबंध गुणक काढला असेल, तर तो त्यांना बरोबरच मिळाला असेल. फक्त कित्येक पटींनी उशिरा. ‘यंत्र जरा हळूच आहे’ असे म्हणून त्यांनी चहा मागवला असेल. कोप्रोसेसर नसेल तर चालूच होत नाहीत असे ऑटोकॅडसारखे प्रोग्रॅम कला महाविद्यालयात कोण चालवणार? जे उणे आहे ते उत्तरात दिसत नाही, फक्त वेळेत दिसते. आणि वेळेची नोंद आपण ठेवत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, जुन्या यंत्राची ओळख पाटीवरून अगर पावतीवरून न करता त्याला प्रश्न विचारून करावयास हवी, आणि ती करून रजिस्टरात खरी नोंद लिहिल्यावाचून एकही यंत्र भंगारात जाऊ देऊ नये.

‘त्याला प्रश्न विचारायचे म्हणजे काय?’ असे मला वर्गातल्या एका मैत्रिणीने विचारले. प्रश्न विचारण्याची ही कला मोठी रंजक आहे. तिच्यातल्या पुष्कळशा युक्त्या इंटेलनेच आपल्या पुस्तिकांतून प्रसिद्ध केल्या आहेत.

प्रोसेसरमध्ये ‘फ्लॅग’ नावाची एक पेटी असते. तिच्या प्रत्येक खणात शून्य अगर एक. जुन्या पेटीत सोळा खण. ८०८६ मध्ये वरचे चार खण सदा एकने भरलेले. तुम्ही शून्य ठेवून पाहा, परत वाचाल तर एकच सापडेल. २८६ मध्ये याच्या नेमके उलट: तेथे एक ठेवा, शून्यच मिळेल. ३८६ मात्र त्यांतले काही खण बदलू देतो. ४८६ आला तो अठरा क्रमांकाचा एक नवा खण घेऊन. ३८६ मध्ये तो हलत नाही. आणि एकवीस क्रमांकाचा खण हलला तर समजावे की या प्रोसेसरला स्वतःचे नाव सांगता येते. शेवटच्या काळातल्या ४८६ पासून आणि १९९३ च्या पेंटियमपासून ही सोय आली. नाव विचारले की तो बारा अक्षरांत उत्तर देतो: इंटेलचा असेल तर ‘जेन्युइन इंटेल’, एएमडीचा असेल तर ‘ऑथेंटिक एएमडी’, आणि सायरिक्सचा असेल तर ‘सायरिक्स इन्स्टेड’. पहिले दोघे आपल्या अस्सलपणाची ग्वाही देतात. तिसरा बिचारा प्रामाणिकपणे सांगतो की ‘मी त्याच्याऐवजी आलो आहे’. मला तो तिसराच अधिक आवडला.

कोप्रोसेसरला विचारावयाचा प्रश्न याहून सुंदर आहे. आधी स्मृतीच्या एका जागी एक ओळखीची खूण लिहून ठेवावयाची. मग कोप्रोसेसरला ‘नव्याने सुरुवात कर, आणि तुझी स्थिती या जागी लिही’ अशी आज्ञा द्यावयाची. तो असेल तर खूण पुसून तेथे शून्य लिहितो. नसेल तर आज्ञा हवेत विरते आणि आपली खूण जशीच्या तशी राहते. यात एक पथ्य आहे. प्रत्येक आज्ञेचे दोन प्रकार असतात, थांबून ऐकण्याचा आणि न थांबता पुढे जाण्याचा. पहिल्या पीसीवर पहिल्या प्रकारे विचाराल आणि जोडीदार जागेवर नसेल, तर प्रोसेसर त्याच्या उत्तराची वाट पाहत कायमचा बसून राहील. म्हणून येथे उत्तराची वाट न पाहता विचारावे लागते.

आम्ही मित्राच्या काकांकडून मिळवलेल्या डॉसच्या फ्लॉपीवरून ते ४८६ सुरू केले (स्वच्छ फ्लॉपीवरूनच करावे; स्मृती सांभाळणारे मधले प्रोग्रॅम असतील तर ते फ्लॅगच्या खणांबाबत दिशाभूल करतात). प्रश्न विचारला. खूण जशीच्या तशी राहिली. १९९४ ची नोंद खोटी ठरली.

यावर कोणी म्हणेल, चिपेवर ‘एसएक्स’ छापलेले दिसलेच होते, मग एवढा खटाटोप कशाला? तर छापील अक्षरांचाही भरवसा नसतो. नव्वदच्या दशकात चिपेवरची मूळ अक्षरे घासून अधिक वेगाचा आकडा छापलेला माल बाजारात येई. स्वतः यंत्राची साक्षही ऐकीव असू शकते. आयबीएमच्या पहिल्या पीसीला ‘कोप्रोसेसर आहे का?’ असे आतल्या यादीतून विचारले तर तो मदरबोर्डावरच्या एका बारीक खटक्याकडे पाहून उत्तर देई. खटका माणसाने लावलेला. आणि दर्शनी आकड्यांची कथा तर विनोदीच. आमच्या ४८६ च्या तोंडावर ‘३३’ असा आकडा दिमाखात उजळे. तो वेग मोजून दाखवला जात असेल अशी सर्वांची समजूत. मागे पाहिले तर आकड्यांच्या रेघा कोणत्या पेटवायच्या हे छोट्या जंपरांनी ठरवलेले! आम्ही जंपर हलवले आणि क्षणार्धात आमचे यंत्र ‘८८’ च्या वेगाने धावू लागले. शिपाईमामांनी टाळी दिली.

सगळ्याच पाट्या खोट्या असतात असेही नाही. १९८७ साली इंटेलला आढळले की, काही ३८६ चिपा ३२ बिटांचे गुणाकार चुकवतात. तेव्हा तपासून निघालेल्या चांगल्या चिपांवर सिग्मा हे ग्रीक अक्षर दोनदा छापले आणि सदोष चिपांवर ‘फक्त १६ बिट सॉफ्टवेअरसाठी’ असे स्वच्छ लिहून त्या विकल्या. दोष कपाळावर लिहून बाजारात उभे राहण्याचे हे उदाहरण विरळाच.

आता दुसऱ्या यंत्राची हकिकत. रजिस्टरात ‘संगणक ३८६’ एवढेच. कोप्रोसेसरचा उल्लेखही नाही. त्याला तोच प्रश्न विचारला आणि खूण पुसली गेली! आत पाहिले तर जोडीदार आपल्या घरात नीट बसलेला. कोणी बसवला, कधी, कशासाठी, याचा कागद नाही. एकीकडे पैसे देऊन नसलेला कोप्रोसेसर, दुसरीकडे असून नोंद नसलेला. भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला.

पण हा जोडीदार २८७ की ३८७? काही ३८६ यंत्रांत जुना २८७ ही चालून जाई, म्हणून विचारणे भाग होते. आणि हा प्रश्न असा आहे की आपल्या तत्त्वज्ञान विभागाने तो दाराशी लावून ठेवावा. एकाला शून्याने भागावयाचे. कोप्रोसेसर ‘अनंत’ असे उत्तर देतो. त्या अनंताचे चिन्ह बदलून ऋण अनंत करावयाचे आणि मग विचारावयाचे: हे दोन अनंत सारखे की वेगळे? ८०८७ आणि २८७ सांगतात, सारखे. ३८७ सांगतो, वेगळे. कारण असे की, ८०८७ घडला तेव्हा अपूर्णांकांच्या गणिताचे सर्वमान्य नियम ठरावयाचे होते. संख्यारेषेची दोन टोके अनंतापाशी एकत्र मिळतात असे मानणारी रीत आणि ती कधीच मिळत नाहीत असे मानणारी रीत, अशा दोन्ही रीती त्यात ठेवल्या होत्या आणि न सांगता पहिली चाले. या चिपेच्या रचनेत विल्यम काहान या गणितज्ञाचा मोठा वाटा होता. १९८५ साली आयईईईचे ७५४ क्रमांकाचे मानक आले, त्यात दुसरी रीत पक्की झाली आणि १९८७ चा ३८७ त्याप्रमाणे वागू लागला. दोन चिपांतला फरक हा असा दोन मतांतला फरक आहे, आणि मत विचारूनच कळते. आमच्या यंत्राने उत्तर दिले, वेगळे. म्हणजे ३८७ च्या कुळातला.

तिसरे यंत्र बोललेच नाही. त्याच्या मदरबोर्डावरची बॅटरी गळून तांब्याच्या रेघा खाल्ल्या गेल्या होत्या. त्याच्या चिपेवरचे २८६ हे अक्षर आम्ही उतरवून घेतले आणि पुढे लिहिले, ‘छापील मजकुरावरून, पडताळा नाही’.

हे सारे आपल्या शाखेचे काम कसे, असे विचारणाऱ्यांना मी तेरकडे बोट दाखवीन. आपल्या जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचे नाव येते. तेथल्या टेकाडांतून निघणारे मणी, नाणी, मातीच्या मूर्ती रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचल्या आणि त्यांच्या संग्रहातून तेथले शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. त्या वेळी गावातल्या कोणाला ती खापरे भंगारच वाटत असणार. वि. का. राजवाडे दप्तरे शोधत गावोगाव हिंडले तेव्हाही वाण्याच्या दुकानी पुड्या बांधावयास जुने कागद जातच होते. कागद अस्सल की बनावट हे ठरवताना आपण शाई पाहतो, वळण पाहतो, आणि मजकूर त्या काळाशी सुसंगत आहे का ते पाहतो. बाह्य चिकित्सा आणि आंतर चिकित्सा यांवर पानेच्या पाने लिहून आपण परीक्षेत गुण मिळवतो. मग पाटी ही बाह्य आणि फ्लॅगचे खण ही आंतर, एवढे ओळखावयास विज्ञान शाखेत जावे लागत नाही.

विज्ञानातही शेवटी हेच कामी आले. पेंटियमच्या वेळची गोष्ट प्रसिद्ध आहे. ज्या विनोद धाम यांना ‘पेंटियमचे जनक’ म्हणतात ते पुण्यात जन्मलेले, म्हणून आपल्याकडे त्याचे कौतुक जरा अधिकच. १९९४ साली व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजमधले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. बेरजा जुळेनात. एखाद्याने म्हटले असते, आपलीच चूक असेल. नवे यंत्र, मोठी कंपनी. त्यांनी एकेक शंका फेडत काही महिने घालवले आणि दोष पेंटियमच्या भागाकारातच आहे असे दाखवले. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागले तर चौथ्या दशांशस्थळीच चूक होई. ओळखण्याची रीत सोपी: आलेल्या भागाकाराला पुन्हा ३१,४५,७२७ ने गुणा आणि मूळ संख्येतून वजा करा. चांगले यंत्र शून्य देते, सदोष यंत्र २५६. इंटेलने आधी सांगितले की, सामान्य माणसाला हा दोष २७,००० वर्षांतून एकदा भेटेल. पण लोक ऐकेनात, आणि डिसेंबरात मागेल त्याला चिप बदलून द्यावी लागली, ४७.५ कोटी डॉलरचा भार पडला. आमचा एसएक्स हळू पण बरोबर. तो पेंटियम जलद पण चुकीचा. दोघांच्याही पाटीवर यातले काही लिहिलेले नव्हते.

गणिताचा भाग आहे की नाही याने किती फरक पडतो, याचे मोठे उदाहरण पुण्याचेच आहे. महासंगणक परदेशातून मिळेना, तेव्हा १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ पुढे आला. त्यात इन्मॉस कंपनीच्या टी-८०० नावाच्या चिपा एकत्र जुंपल्या होत्या. याच कुळातल्या आधीच्या टी-४१४ मध्ये अपूर्णांकांचे गणित करणारा भाग नव्हता. टी-८०० मध्ये तो चिपेतच होता. हवामानाचा अंदाज असल्या कामांसाठी महासंगणक हवा होता, आणि ते सारे गणित अपूर्णांकांचेच.

प्राचार्य महोदयांना आम्ही अर्ज दिला आहे. त्यात दोनच मागण्या आहेत. पहिली, रजिस्टरातल्या जुन्या नोंदी न खोडता त्यांच्याखाली लाल शाईने खरी ओळख लिहावी: पहिल्यासाठी ‘४८६ एसएक्स, कोप्रोसेसर आढळला नाही’, दुसऱ्यासाठी ‘३८६, सोबत ३८७ वर्गातील कोप्रोसेसर, पूर्वी नोंद नाही’, आणि तारीख व तपासणाऱ्यांच्या सह्या. दुसरी, ३८६ चे यंत्र लिलावातून वगळून इतिहास विभागाच्या कपाटाशेजारी ठेवावे. एका सरांनी शंका काढली की, लाल शाईने लेखापरीक्षक बिचकतील. बिचकू देत. खोटी नोंद नीट जपण्यापेक्षा खरी नोंद लाल असलेली बरी.

निर्णय अजून व्हावयाचा आहे. दोन्ही चालू यंत्रांच्या बॅटऱ्या मात्र आम्ही काढून ठेवल्या आहेत. ३८६ मधली गळू लागलेली होती.